येटमनांच्या तक्त्यातला रिकामा चौकोन

चार प्रश्न, आणि तेही अगदी त्याच क्रमानं. दादारावांनी कागद एकदा चष्म्यातून वाचला, एकदा चष्मा कपाळावर सारून वाचला, मग डायनिंग टेबलावर पालथा घातला आणि वर लोणच्याची बरणी ठेवली. का ठेवली, कोण जाणे. वारा नव्हता. परदेशातल्या, पापाटोएटो नावाच्या उपनगरातल्या त्या घराच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या, बाहेर छान ऊन होतं, आणि शहराकडे जाणारी साडेदहाची गाडी आत्ताच रुळांवरून गेली होती. पत्र व्याह्यांचं होतं. व्याही म्हणजे डेनिस येटमन, मुलीचा सासरा, मुक्काम हॅमिल्टन शहराचं 'ते रापा' हे उपनगर. दुधाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढलेला, गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत हिवाळा काढणारा, कुणाचं वाईट न चिंतणारा माणूस. त्यानं आपल्या तिरक्या अक्षरात मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं की, प्रिय दादा, शनिवारी आम्ही सगळे येटमन जमतोय, आमच्या आडनावाचा मोठा तक्ता भिंतीवर लावणार आहे, त्यात श्रद्धाच्या वर तुमचा चौकोन आहे आणि तो रिकामा आहे, तेव्हा चार गोष्टी कळवा. आडनाव काय? त्याचा अर्थ काय? मूळ गाव कोणतं? आणि तुमची माणसं काय काम करायची? खाली एक हसरा चेहरा काढला होता. दादारावांनी हातातला घास ताटात ठेवला. बहात्तराव्या वर्षी, हजारो कोस लांब, पोळीबरोबर लिंबाचं लोणचं खाताना एका पत्रापायी घास खाली ठेवावा म्हणजे काय! त्यांना स्वतःचाच राग आला आणि त्यांनी आणखी एक फोड ताटात घेतली.

कारण हे चार प्रश्न त्यांना तोंडपाठ होते. पुण्यात, एकोणऐंशी साली, सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियनची नोकरी लागली तेव्हा एका गल्लीत सुधाकरराव नावाच्या घरमालकांनी हेच विचारले होते, असेच हसऱ्या चेहऱ्यानं. ट्रंक उंबऱ्याच्या आत आली होती, पंख्याचं बटण कुठलं ते दाखवून झालं होतं, आणि मग सुधाकररावांनी सहज म्हणून नाव विचारलं. नाव चाललं. आडनावाला त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या, अर्थाला थोड्या आणखी, गावाला त्याहून, आणि 'वडील काय करत?' इथं आल्यावर त्यांना एकाएकी आठवलं की खोली रंगवायची आहे. आठ दिवसांचं काम आहे हो, म्हणाले, आठ दिवसांनी या. दादाराव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते आणि टेकायला म्हणून त्यांनी भिंतीवर हात ठेवला होता. तळहाताला ओला चुना लागला. खोली कालच रंगवलेली होती! पुढं आयुष्यभर ही गोष्ट आठवली की त्यांना आधी त्या चुन्याचा वास यायचा, मग हसू यायचं, आणि राग यायचा तो सगळ्यात शेवटी, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा. तिसऱ्या घरमालकाकडेही रंगकाम निघालं तेव्हा त्यांनी राजपत्रात नाव बदलून घेतलं. बोरगावकर. गावाचं नाव, मागे कर. कुणीही असू शकतं. चौथ्या दिवशी खोली मिळाली, वर सकाळचा चहासुद्धा. कमलाबाईंशी लग्न झालं ते बोरगावकर म्हणूनच, पण लग्नाआधी त्यांनी तिला खरं सांगून टाकलं होतं. श्रद्धाला मात्र नाही. आपण बौद्ध आहोत, का आहोत, कसे झालो, हे सगळं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. दरवर्षी जयंतीला ती पांढरा फ्रॉक घालून भाषण करायची. फक्त ते एक जुनं आडनाव तेवढं तिला कुणी दिलं नाही. कशाला पोरीच्या डोक्यावर, असं दादाराव म्हणायचे, आणि एकदा नाही सांगितलं की पुढं सांगण्यासारखी वेळ सापडत नाही.

त्या घरानं मग एक नियमच करून टाकला: कुणाला आडनाव विचारायचं नाही. आपल्याला बोचलं ते दुसऱ्याला कशाला बोचवा. नियम इतका कडक की श्रद्धा इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागली आणि दोन वर्षांनी फोनवर म्हणाली की बाबा, मला टॉम आवडतो, तेव्हा दादारावांनी मुलाची पितो का, रागीट आहे का, भांडी घासतो का, अशी कसून चौकशी केली. आडनाव मात्र विचारलंच नाही. ते त्यांनी लग्नाच्या दाखल्यावर पहिल्यांदा वाचलं आणि कमलाबाईंना म्हणाले, "येटमन. खोकल्याच्या औषधाची कंपनी वाटते नाही?" अशी अकरा वर्षं गेली. दादाराव-कमलाबाई लेकीकडंच राहायला आले, नात कौमुदी दहा वर्षांची झाली. डेनिसभाऊ त्यांना 'दादा' म्हणायचा, ते त्याला 'डेनिसभाऊ' म्हणायचे, दोघं अंगणात बसून टोमॅटोबद्दल बोलायचे, आणि हा माणूस गेली वीस वर्षं स्वतःच्याच आडनावाच्या मागं हात धुऊन लागलाय, जुनी दफ्तरं धुंडाळतोय, हे दादारावांच्या कानावरून गेलं तरी त्यांनी कधी पुढं विचारलं नव्हतं. नियम तो नियम.

"काय लिहिलंय एवढं?" कमलाबाईंनी बरणी उचलली, कागद उलटला. इंग्रजी त्यांना सावकाश वाचावं लागे, पण वाचायच्या पक्क्या. "मग? लिहून टाका की."

"काय लिहू?"

"आहे ते."

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, कमल."

"अहो, पंचेचाळीस वर्षं मूठ झाकून बोटं आखडली तुमची. चोरी केलीय का आपण? तो बिचारा डेनिस, त्याला कौतुक आहे म्हणून विचारतोय."

"सुधाकररावपण कौतुकानंच विचारत होते."

कमलाबाईंनी पत्राची घडी घातली. त्यांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाल्या, "दोन आठवड्यांमागं तो मकरंद भेटला तेव्हापासून तुमचं बिनसलंय." आणि हे खरं होतं. पापाटोएटोच्या वाण्याकडे, कढीपत्त्याच्या टोपलीपाशी, हा मकरंद नावाचा तरुण फार्मसिस्ट मराठी ऐकून आनंदानं पुढं आला होता, काका-काकू म्हणून वाकून नमस्कारसुद्धा केला, आणि मग म्हणाला, "बोरगावकर म्हणजे आपण... देशस्थ का?" मनात काही काळंबेरं नव्हतं पोराच्या. पण दादाराव "आम्ही मराठवाड्यातले" असं काहीतरी पुटपुटले, घाईघाईनं पाकीट उचललं, पैसे देऊन बाहेर पडले, आणि घरी येऊन पाहतात तो पोह्यांऐवजी दोन किलो रवा आणलेला. पंधरा दिवस उपमा खाल्ला सगळ्यांनी. टॉमनं तर कंटाळून तो डब्यात घेऊन आपल्या कामाच्या ठिकाणी, ईस्ट टामाकीच्या गोदामात नेला आणि बरोबरच्या लोकांत वाटला.

शनिवार उजाडेपर्यंत चौकोन रिकामाच होता. टॉम गाडी चालवत होता, श्रद्धा शेजारी, मागं आजी-आजोबा आणि मध्ये कौमुदी, मांडीवर डेनिसनं आधीच पाठवलेल्या तक्त्याची गुंडाळी धरून. तक्ता मोठ्यानं वाचून दाखवायचं काम तिच्याकडं होतं आणि ती ते फार मनावर घेऊन बसली होती. बाहेर हिरव्या टेकड्या, त्यावर गाई. दादाराव गाई मोजत होते. गाई मोजल्या की आत काही चालत नाही असा त्यांचा अनुभव, पण आज चालत होतं. आज त्यांना आजोबा आठवत होते. गोंदाजी येसकर. येसकर म्हणजे गावाच्या वेशीचा राखणदार. सकाळी वेस उघडायची, दिवे लागले की लावायची, आला-गेला पाटलाच्या कानावर घालायचा, कुणी मेलं की चार कोस पळत जाऊन सांगावा द्यायचा. हातात घुंगरं लावलेली काठी. आणि या सगळ्याच्या बदल्यात तिन्हीसांजेला घराघरापुढं लांब उभं राहून घोंगडीत भाकरी झेलायची. छप्पन साली दादारावांचे वडील नागपूरहून दीक्षा घेऊन परत आले ते म्हणाले, बस्स, आता आपल्या घरी आपलीच भाकरी. त्यांनी ती काठी आईच्या चुलीत घातली. तिच्यावर भाजलेल्या भाकरीला काय चव होती म्हणून सांगू, असं आजी मरेपर्यंत सांगायची आणि दर वेळी जीभ टाळ्याला लावून आवाज काढायची. घुंगरं तेवढी राहिली. ती वडिलांनी शेळीच्या गळ्यात बांधली आणि ती शेळी साऱ्या गावातून पाटलाच्या तोऱ्यात फिरे. शेळी आठवून दादाराव गाडीत एकदम फसकन हसले.

"व्हॉट, आजोबा?"

"काही नाही गं. एक शेळी होती."

"यू स्टिल हॅवन्ट डन युवर बॉक्स," कौमुदी पेन्सिल काढून म्हणाली. तिला मराठी सगळं कळे. उत्तर इंग्रजीत येई. "सरनेम बोरगावकर. मीनिंग?"

"बोरगावात राहणारे."

"ओके. प्लेस, बोरगाव. ॲन्ड व्हॉट डिड दे डू?"

दादारावांनी गाईंकडं पाहिलं. "राहायचे," ते म्हणाले.

"दे जस्ट... लिव्ह्ड? दॅट्स इट?"

टॉम खो खो हसला. "स्वीट ॲज," म्हणजे झकास, म्हणाला, "माझीपण तीच इच्छा आहे." श्रद्धाही हसली, पण समोरच्या आरशातून तिनं बापाकडं जरा जास्त वेळ पाहिलं. रोज पेशंटची तोंडं वाचणारी मुलगी ती. दादारावांनी नजर गाईंकडं वळवली. सगळं खरं लिहिलं होतं, एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी आपण या पोरीच्या हातात ओला चुना दिला असं त्यांना वाटत राहिलं. वाईट वाटलं त्यांना, अगदी स्पष्ट वाईट.

'ते रापा'तला तो हॉल म्हणजे नुसता गोंधळ. चौतीस येटमन! डेनिसच्या मते जगभरात मिळून याच्या चार-पाच पटच असतील, त्यातले चौतीस इथं, जँडल्स म्हणजे रबरी चपला फटफटवत, सॉसेजच्या धुरात, सगळ्यांच्या अंगात निळे टीशर्ट आणि टीशर्टवर मोठं फाटक आणि किल्ली. डेनिसची बहीण मार्जरी हिनं ते छापून आणले होते. तिनं "किया ओरा, दादा!" असा इथला नमस्कार करून एक टीशर्ट दादारावांच्या इस्त्रीच्या शर्टावरूनच चढवला, दुसरा कमलाबाईंच्या खांद्यावर पदरासारखा टाकला. मग डेनिस उभा राहिला. केस ओले करून भांग पाडला होता, हातात काठी होती. येट म्हणजे जुन्या बोलीत गेट, त्यानं सांगितलं. येटमन म्हणजे गेटचा माणूस. आमचा मूळ पुरुष बेकहर्स्ट नावाच्या तटबंदीच्या गावात होता, तिथून सहाशे वर्षांनी एक जण बोटीत बसून इथं गाई राखायला आला. टाळ्या. पण, डेनिस म्हणाला, आणि त्याचा आवाज पडला. जाणकारांत दोन मतं आहेत. काही म्हणतात येटमन म्हणजे गेट राखणारा. काही म्हणतात, छे, नुसता गेटजवळ राहणारा. "वीस वर्षं मी पहिल्या मताचा होतो. पण गेल्या महिन्यात मला जुना नकाशा मिळाला." पडद्यावर नकाशा आला. तट, तटात गेट, आणि गेटच्या बाहेर, गावाकडं पाठ केलेली एक एवढीशी झोपडी. वर लिहिलेलं नाव त्यानं काठीनं दाखवलं. "आमचं घर बाहेर आहे. राखणदार असता तर आत असता ना? गेट बंद झालं की राखणदारच बाहेर, असं कुठं असतं? तेव्हा मंडळी, सॉरी. आपण राखणदार नव्हतो बहुतेक. नुसते तिथं राहायचो."

हॉलमध्ये "ओह" झालं. मार्जरी आपल्या छातीवरच्या किल्लीकडं बघायला लागली. सॉसेज परतणारा पोरगा परतायचा थांबला. आणि दादारावांच्या कानात घुंगरं वाजायला लागली. अहो, हे या माणसाला वीस वर्षं कळलं नाही! नकाशावरची ती झोपडी त्यांनी पाहिल्याबरोबर ओळखली होती. तिचं दार कुठल्या बाजूला असणार, पावसाचं पाणी कुठून आत येणार, रात्री वेस लावल्यावर आतल्या गावाचे आवाज कसे आधी बारीक होत जातात आणि मग आपल्या घरातलेच मोठे वाटायला लागतात, सगळं. आता गप्प बसलं तरी चालणार होतं. तक्त्यात सगळं नीट लिहिलेलं होतं. गप्प बसायची त्यांना पंचेचाळीस वर्षांची सवय होती, आणि सवयीसारखं ऊबदार दुसरं काही नसतं. पण समोर डेनिसभाऊ ओल्या भांगानं उभा होता आणि नकाशाची गुंडाळी करत होता, आणि आपण तोंड उघडलं नाही तर हा माणूस एका खोट्या गोष्टीनं खचणार. हात वर गेला. आधी गेला, मग दादारावांना कळलं.

"डेनिसभाऊ, तो राखणदारच."

"दादा?"

"राखणदाराचं घर बाहेरच असतं." इंग्रजी अडखळत होतं, पण थांबत नव्हतं. "माझ्या आजोबांचं होतं. बोरगावची वेस ते राखत. आमचं खरं आडनाव येसकर. म्हणजे तेच, तुमचं जे आहे ते. गेटचा माणूस. तुमची ती दोन मतं आहेत ना, ती दोन नाहीत. राखायचा तोच जवळ राहायचा."

श्रद्धानं कप खाली ठेवला. कमलाबाईंनी पदर सावरला, म्हणजे टीशर्टच सावरला.

"पण बाहेर का, दादा?" डेनिसनं विचारलं. खरंच कळत नव्हतं त्याला.

"तुमच्या गावाचं मला माहीत नाही. आमच्या गावात आम्हाला आत राहू देत नसत. वेशीला हात लावलेला चालायचा, विहिरीला नाही. अख्खं गाव आमच्या भरवशावर झोपायचं, आणि सकाळी आमची सावली चुकवून चालायचं." एवढं म्हणून दादारावांना वाटलं, हे फार झालं, लोक जेवायला आलेत. "पण गेट आम्ही चांगलं राखलं," ते म्हणाले.

डेनिस चार पावलं चालत आला, त्यानं दादारावांचा हात दोन्ही हातांत धरला, आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. "माझ्याकडं पुरावा नाही," तो शेवटी म्हणाला, "पण साक्षीदार आहे." मागून मार्जरीनं विचारलं, "म्हणजे टीशर्ट ठेवायचे ना?" आणि मग जो हशा उसळला त्यात दादारावांचाही होता, डोळे पुसत. कौमुदी तोवर जमिनीवर पालथी पडून खोडरबरानं चौकोन साफ करत होती. श्रद्धा आली, बापासमोर उभी राहिली. "बाबा, मी जन्मल्यापासून एक्केचाळीस वर्षं?"

"चुकलो गं."

"मला वाटलं मोठा काहीतरी आजार लपवताय! दोन आठवडे मी तुमचं ब्लडप्रेशर मनातल्या मनात मोजतेय." ती रडत होती की हसत होती ते तिचं तिलाच ठाऊक. मग तिनं मुलीच्या हातातली पेन्सिल काढून घेतली, पर्समधलं निळं पेन काढलं, आणि चौकोनात स्वतःच्या हातानं आधी मराठीत, मग इंग्रजीत लिहिलं. काय काम करायचे याच्या पुढं तिनं राखणदार लिहिलं, आणि कौमुदीनं आजोबांना विचारून कोपऱ्यात एक शेळी काढली.

परत येताना गाडीत दादाराव इतके बोलले की कौमुदीनं कानांत इयरफोन घातले. काठी, भाकरी, सुधाकरराव, चुना, सगळं. टॉमनं दोनदा गाडी हळू केली. शेवटी दम घ्यायला थांबले तेव्हा कमलाबाई म्हणाल्या, "शाबास. पण एक सांगू? तिथं येसकर म्हणजे काय, ते त्यांच्या सात पिढ्यांना ठाऊक नाही. तिथं सांगायला काय लागतंय? पापाटोएटोत सांगा, मग मानीन."

"हो, सांगीन की."

"बघू."

बुधवारी सकाळी वाण्याकडं ती वेळ आली. मकरंद मेथीच्या जुड्या निवडत होता. "काय बोरगावकर काका," त्यानं हाक मारली, "मागच्या वेळी बोलणं अर्धवटच राहिलं." कमलाबाई चार पावलं मागं, डाळींपाशी उभ्या राहिल्या आणि एक पाकीट हातात घेऊन वाचायला लागल्या, उलटं.

"राहिलं खरं," दादाराव म्हणाले. हे त्या हॉलमधल्यापेक्षा किती तरी अवघड होतं. कमलचं बरोबर होतं. "देशस्थ नाही हो. आमचं मूळ आडनाव येसकर. गावाची वेस राखायचे आमचे आजोबा. बाहेर राहून."

मकरंदचा हात जुडीवर थांबला. "अच्छा," तो म्हणाला. दादारावांनी आयुष्यात पन्नास प्रकारचे 'अच्छा' ऐकले होते, प्रत्येकाचा अर्थ त्यांना लावता यायचा. हा कुठला होता ते त्यांना कळेना, आणि गंमत म्हणजे कळून घ्यावंसंही वाटेना. त्यांना भलतंच काहीतरी वाटत होतं. डेनिससारखं वाटत होतं. कौतुक! आणि मग बहात्तर वर्षांत पहिल्यांदा, स्वतःच्या घरचा नियम मोडून, त्यांनी समोरच्या माणसाला विचारलं, "आणि तुमचं आडनाव काय?"

"माझं? लिमये."

"अर्थ काय त्याचा?"

"अर्थ... अं..."

"मूळ गाव कुठलं?"

"कोकणात कुठंतरी, काका. नक्की नाही सांगता येणार."

"काय काम करायची तुमची माणसं?"

मकरंदनं मेथीची जुडी खाली ठेवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि मग तो मोकळं हसला. "खरं सांगू? कुणी कधी विचारलंच नाही. बाबांना फोन करावा लागेल."

"करा की. आणि मला सांगा हं. तुमचा चौकोन रिकामा ठेवतो."

मागून कमलाबाईंनी हातातली डाळ सुलट केली. "अहो," त्या म्हणाल्या, "पोहे घ्यायचेत, पोहे."

"माहीत आहे," दादाराव म्हणाले, आणि चष्मा नीट करून, पाकिटावरचं नाव मोठ्यानं वाचून, त्यांनी पोहेच घेतले.